आईची पित्ताची गोळी नऊ वर्षं चालू आहे. बंद करू का?

रानजाई:
आई ६८ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी गुडघ्यांसाठी पेनकिलर सुरू झाल्या, तेव्हा सोबत पँटोप्रॅझोल ४० लिहून दिली होती. पेनकिलर दोन महिन्यांत थांबल्या, ही मात्र चालूच राहिली. सकाळी चहा-खारी झाली की घेते. स्ट्रिप साखरेच्या डब्यामागे असते, संपत आली की बाबा न सांगता दुसरी आणतात.

मध्यंतरी व्हॉट्सॲपवर आलं, या गोळीने हाडं ठिसूळ होतात. मी घाबरून स्ट्रिप लपवली. चौथ्या रात्री दोन वाजता आई छाती धरून उठून बसली. करपट ढेकर, घशाशी आंबट. तसेच दवाखान्यात पळालो, ईसीजी नीट निघाला. आता आई म्हणते, "बघ, मला लागतेच ती गोळी." खरंच लागते का?

काउंटरमागून:
ताई, ईसीजी काढलात ते उत्तम केलंत. छातीत जळजळलं की ॲसिडिटीच, असं ठरवून घरी बसलेले लोक मी पाहिलेत.

तालुक्याच्या गावी एकवीस वर्षं मेडिकल चालवतोय. रोज निदान दहाजण "पित्ताची गोळी द्या" म्हणतात, पण या गोळीचा पित्ताशी काही संबंध नाही. पित्त लिव्हरमध्ये तयार होतं. ही गोळी जठराच्या अस्तरातला प्रोटॉन पंप अडवते. हा पंप म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेलं एक प्रथिन. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ते हायड्रोजनचा आयन जठरात ढकलतं आणि बदल्यात पोटॅशियम आत ओढतं. रक्ताचा सामू (पीएच) ७.४, जठरातला एक-दोनच्या घरात, आणि हा आकडा एकाने उतरला की आम्ल दहापट. म्हणजे दहा लाख पटींच्या चढावर हे पाणी चढवणं चालू असतं. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला हे जमायचं नाही.

आता चहा-खारीचं. गोळीला लेप असतो, ती जठरात विरघळतच नाही. आतड्यात विरघळते, रक्तात जाते आणि रक्तातून फिरून जठराच्या पेशींत येते. तिथे आम्ल भेटलं तरच ती जागी होते आणि पंपाला कायमची चिकटते. पंप कामाला लागतात खाल्ल्यावर. म्हणून गोळी आधी, अर्धा-पाऊण तासाने खाणं. खारीनंतर घेतलेली गोळी म्हणजे एसटी सुटल्यावर स्टँडवर पोचणं. (चावून किंवा कुटूनही देऊ नका, लेपच जातो.)

औषध रक्तातून काही तासांत निघून जातं, पण चिकटलेला पंप कामातून गेला तो गेलाच. शरीराला नवे पंप बनवावे लागतात.

आता तुमची चौथी रात्र. आम्ल कमी पडतंय म्हणून शरीर इतकी वर्षं गॅस्ट्रिन (आम्ल बनवायला लावणारं संप्रेरक) वाढवून जठराला डिवचत होतं. गोळी एकदम काढली की दाबून धरलेलं सगळं उसळतं. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर याचा प्रयोग झाला होता, २००९ साली छापून आला. निम्म्यांना आठ आठवडे याच गटातलं औषध दिलं आणि थांबवलं, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी. त्यानंतर पहिल्या गटात ४४ टक्क्यांना जळजळ वगैरे झाली, दुसऱ्यात १५. आधी कुणालाच त्रास नव्हता! त्यामुळे आईंची ती रात्र म्हणजे गोळी लागतेच याचा पुरावा नव्हे. लागत नाही, असंही त्यावरून म्हणता येणार नाही.

डॉक्टरांना एकच विचारा: सुरू कशासाठी केली होती, आणि ते कारण आज आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा अल्सरमधून कधी रक्त गेलं असेल, तर हात लावू नका. तसं काही नसेल तर ते बहुधा ४० वरून २०, मग एक दिवसाआड, असं उतरवतील. बी-ट्वेल्व आणि मॅग्नेशियम तपासून घ्या, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती कमी झालेली आढळतात. हाडांचा धोका थोडा वाढलेला काही पाहण्यांत दिसलाय, पण व्हॉट्सॲपवर येतो तेवढा नाही.

भाचीची_मावशी:
आमच्याकडे उलटी गोष्ट. भाचीचा पंप जन्मापासून बंद. जठरातला नव्हे, मूत्रपिंडातला, तो वेगळ्या घराण्यातला. रक्तातलं आम्ल लघवीवाटे बाहेर पडत नाही. अडीच वर्षांची होती तेव्हा वजन जेमतेम आठ किलो, सारखी तहान, उलट्या, पोटॅशियम खाली. तोच पंप अंतर्कर्णातही लागतो, त्यामुळे तिला ऐकूही कमी येतं. आता दिवसातून तीनदा सायट्रेटचं खारट औषध पिते, तोंड वाकडं करते आणि लगेच चिक्कीसाठी हात पुढे. पण वाढायला लागली आहे! रानजाई, तुमच्या आईच्या गोळीने हा पंप बंद पडत नाही, ती काळजी नको.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी जुनी फाइल चाळली, पेनकिलरशिवाय दुसरं कारण सापडलं नाही. बी-ट्वेल्व १६० आलं, इंजेक्शनं सुरू केलीत. गोळी २० वर आणली. आता उठल्यावर गोळी, मग देवपूजा, मग चहा. पूजा बरोबर पाऊण तास चालते. बाबांनी मात्र ४० च्या चार स्ट्रिप आधीच आणून ठेवल्यात. परत घेतात का हो?

काउंटरमागून:
बिल असेल तर नेऊन बघा, दुकानदारावर आहे. कापलेली स्ट्रिप मात्र मीसुद्धा घेत नाही.