ऑफिसचा कॉम्प्युटर कुणाच्या बजेटातून? विभागाच्या की मध्यवर्ती?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मागणीपत्र

नव्या माणसाला लॅपटॉप द्यायचा तर पैसे कुठून जातात? काही ठिकाणी प्रत्येक विभागाच्या बजेटात उपकरणांची स्वतंत्र ओळ असते, विभागप्रमुख सही करतो आणि आयटीचं काम मॉडेल सुचवण्यापुरतं उरतं. काही ठिकाणी सगळा निधी आयटीकडे असतो आणि विभाग फक्त संख्या कळवतात. माझं मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. रोजच्या कामाचं मशीन मध्यवर्ती निधीतूनच घेतलं जावं. विभागाने त्यापेक्षा जास्त काही मागितलं तर फक्त वरचा फरक द्यावा.

पहिलं कारण बदलीचं. लॅपटॉप साधारण ४ वर्षांनी, डेस्कटॉप ५ वर्षांनी, मॉनिटर ७-८ वर्षांनी बदलणं रास्त आहे. पण पैसा विभागाकडे असला की बजेट कमी पडताच सगळ्यात आधी हीच खरेदी पुढे ढकलली जाते, कारण जुनं मशीन सुरू तर होतंय. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षा चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा असावा लागतो. एखाद्या विभागाची दहा मशीनं या अटीत बसत नसतील आणि बदलीला पैसे नसतील, तर धोका त्या विभागापुरता राहत नाही. नेटवर्क सगळ्यांचं एकच असतं.

दुसरं कारण चुकीच्या खरेदीचं. 'तेच मॉडेल बाहेर स्वस्त मिळतंय' म्हणून विभाग परस्पर घेतो. खोकं उघडल्यावर कळतं की त्यात विंडोजची होम आवृत्ती आहे. ती डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेला) जोडता येत नाही आणि मोठ्या संस्थांसाठीच्या एंटरप्राइझ आवृत्तीचं लायसन्सही तिच्यावर थेट चढत नाही, आधी प्रो घ्यावी लागते. वॉरंटी १ वर्षाची, तीही मशीन सेवाकेंद्रात नेऊन देण्याची. रॅम ८ जीबी आणि बोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. टाइप-सी पोर्ट आहे, पण त्यातून डिस्प्लेचा सिग्नल जात नाही, त्यामुळे डॉकला (लॅपटॉपला एकाच केबलने मॉनिटर, चार्जिंग वगैरे जोडणाऱ्या डब्याला) लावलेले मॉनिटर काळेच राहतात. वाचलेले पैसे पहिल्या महिन्यातच संपतात.

खतावणी

निदान बरोबर आहे, औषध चुकीचं. पैसा मध्यवर्ती झाला की विभागाच्या लेखी मशीन फुकट होतं. मग मागणीपत्रात प्रत्येकाला दोन मॉनिटर लागतात आणि नवीन लॅपटॉप आला तरी जुना परत जात नाही, 'जादा असू दे' म्हणून कपाटात राहतो. तो कपाटातला लॅपटॉप अपडेट घेत नाही, यादीत 'वापरात' दिसतो आणि पुढच्या वर्षीच्या बदलीच्या संख्येत मोजला जातो.

उपाय आहे मासिक आकारणी. खरेदी आयटीने मध्यवर्ती करावी, मॉडेल आयटीनेच ठरवावं, पण प्रत्येक मशीनमागे विभागाच्या कॉस्ट सेंटरला (खर्च ज्याच्या नावावर पडतो त्या खात्याला) दरमहा ठरलेली रक्कम लागावी. दर कसा काढायचा? लॅपटॉपची किंमत १०० धरा. ४ वर्षांच्या जागेवर येऊन दुरुस्तीच्या वॉरंटीचे १०, डॉक आणि दुसरा चार्जर १५, तयार करून देण्याची मेहनत ५, राखीव साठा आणि तुटफूट ५, शेवटी डिस्क पुसणं आणि विल्हेवाट ३. बेरीज १३८. जुन्या मशीनच्या विक्रीतून ६ येतील असं धरलं तर १३२. ४८ महिन्यांनी भागा, महिन्याला २.७५. बहुतेक ठिकाणी फक्त १०० ला ४८ ने भागतात आणि उरलेल्या ३२ चा खड्डा आयटीच्या बजेटात पडतो.

आकारणी मशीन परत येईपर्यंत चालू ठेवायची. ४८ महिन्यांनी ती थांबवली तर जुनं मशीन फुकटात पडेल आणि कुणीच परत करणार नाही. दर महिन्याला ओळ दिसत राहिली की कपाटं आपोआप रिकामी होतात.

जोडणी

@खतावणी, हिशोब पटला, पण ही पद्धत यादीच्या अचूकपणावर उभी आहे आणि अडचण तिथेच आहे. माणूस एका विभागातून दुसऱ्यात जातो, लॅपटॉप त्याच्याबरोबर जातो, कॉस्ट सेंटर मात्र जुनंच राहतं. तीन महिन्यांनी जुना विभागप्रमुख विचारतो की ही ओळ कुणाची. महिनाअखेरीला आयटीचे लोक दुरुस्ती सोडून ओळींचे वाद मिटवत बसतात.

आकारणी लावायची असेल तर आधी दोन गोष्टी हव्यात. मनुष्यबळ विभागाच्या नोंदीत बदली झाली की यादीतलं कॉस्ट सेंटर त्याच रात्री आपोआप बदललं पाहिजे. आणि यादीतला प्रत्येक सिरीयल नंबर आयटीच्या मशीन-व्यवस्थापनाच्या सर्व्हरवर शेवटचा कधी दिसला हे दर महिन्याला ताडून बघायला हवं. ३० दिवसांत न दिसलेल्या मशीनची वेगळी यादी करून विभागाला पाठवायची आणि त्याचं उत्तर आल्यावरच त्या मशीनचं बिल लावायचं. हे नसेल तर आकारणी सुरूच करू नये. मॉनिटर आणि डॉकची मासिक आकारणी तर अजिबात नको. ते टेबलांवरून इकडे-तिकडे सरकत राहतात आणि नेटवर्कवर स्वतः दिसत नाहीत. ते बसायच्या जागेबरोबर मोजावेत.

रेंडर

चर्चा फक्त सर्वसाधारण लॅपटॉपभोवती फिरते आहे. त्रिमितीय आराखडे, व्हिडिओ संपादन, मोठ्या डेटावरचं सांख्यिकी काम करणाऱ्या विभागांना १६ जीबीचं हलकं मशीन काय कामाचं? तिथे ६४ जीबी, कधी चूक सुधारणारी ईसीसी रॅम आणि सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेलं ग्राफिक्स कार्ड लागतं. कार्ड प्रमाणित नसेल तर सॉफ्टवेअर बंद पडल्यावर त्यांची मदत मिळणं अवघड होतं.

'फक्त वरचा फरक द्यावा' हे ऐकायला सोपं आहे. पण फरक म्हणजे नक्की किती? जास्त ताकदीच्या लॅपटॉपला नेहमीचा ९० वॉटचा डॉक पुरत नाही. मशीन चालतं, पण भार वाढला की वेग पडतो आणि प्लगला लावलेलं असूनही बॅटरी उतरत जाते. म्हणजे डॉक वेगळा. डेस्कटॉप वर्कस्टेशन असेल तर यूपीएस मोठा. राखीव साठ्यात असं मशीन नसतं, त्यामुळे बिघडलं की बदली मशीनही नाही. हे सगळं फरकात धरणार का? आणि ७० टक्के रक्कम विभागाने भरलेलं मशीन ४ वर्षांनी आयटी 'आमचं' म्हणून परत नेणार असेल, तर ते मान्य नाही.

शिवाय वेळ. अपवादाच्या मागणीवर विभागप्रमुख, आयटी आणि वित्त अशा तीन सह्या. कोटेशनची मुदत बहुधा ३० दिवसांची. सह्या पाचव्या आठवड्यात पूर्ण होतात, तोवर दर बदललेला असतो, नवीन कोटेशन मागवलं की सह्या पुन्हा पहिल्यापासून. लोक परस्पर खरेदी करतात त्यामागे बेशिस्तीपेक्षा ही वाट बघणं जास्त असतं.

खतावणी

सह्यांबद्दल सहमत. मंजुरी एका आकड्याला न देता मर्यादेला द्यावी: 'या वर्णनाचं मशीन, अमुक रकमेपर्यंत'. त्या मर्यादेत ५-१० टक्क्यांची जागा ठेवली तर कोटेशन बदललं तरी सह्या पुन्हा लागत नाहीत.

पण उशीर फक्त मंजुरीत होत नाही. मागणी, बजेट तपासणी, मंजुरी, खरेदी आदेश, माल, माल मिळाल्याची नोंद, बिल, असा क्रम असतो. वित्त विभाग बिल देताना आदेश, मालाची नोंद आणि बिल हे तिन्ही जुळवतो, आणि गाडी जास्त करून मालाच्या नोंदीवर अडते. खोकी थेट विभागात उतरतात, कुणीतरी सही करून घेतं, सिस्टिममध्ये नोंद कुणीच करत नाही. बिल पडून राहतं, पुरवठादार पुढचा माल रोखतो आणि बोल मात्र आयटीला. माल एकाच ठिकाणी उतरावा, तिथेच सिरीयल नंबर स्कॅन व्हावा, टॅग लागावा आणि नोंद व्हावी. त्यानंतरच मशीन विभागात जावं.

दुसरी चूक आदेश लिहिण्यातली. 'लॅपटॉप संच, २० नग' अशी एकच ओळ लिहितात. लॅपटॉप येतात, डॉक सहा आठवडे मागे. अर्धा संच मिळाल्याची नोंद करता येत नाही, म्हणून आलेल्या लॅपटॉपचंही बिल निघत नाही. लॅपटॉप, डॉक, मॉनिटर, वॉरंटी अशा वेगळ्या ओळी लिहा. त्याने भांडवली आणि महसुली खर्चाचा गोंधळही कमी होतो. लॅपटॉप भांडवली मर्यादेच्या वर असला तर मालमत्ता म्हणून धरला जातो आणि त्यावर घसारा (दरवर्षी किमतीत धरलेली घट) लागतो, मॉनिटर मर्यादेच्या खाली असला तर त्याच वर्षाचा खर्च होतो. स्वतंत्र घेतलेली जादा वॉरंटी सहसा मालमत्तेच्या किमतीत जात नाही, ती आगाऊ भरलेला खर्च म्हणून वर्षांवर वाटली जाते. भांडवली शीर्षात पैसे आहेत, महसुलीत नाहीत म्हणून मॉनिटर लॅपटॉपच्या किमतीत घुसवले, तर लेखापरीक्षणात ती ओळ हमखास सापडते.

मागणीपत्र

@खतावणी, प्रक्रियेबद्दल वाद नाही. वाद पैसा कुणाच्या हातात यावर आहे. विभागाच्या बजेटातून पैसे जातील तोवर वर्षअखेरची झुंबड थांबणार नाही. न वापरलेली रक्कम परत जाते, म्हणून शेवटच्या महिन्यात ४० लॅपटॉपची मागणी येते, माणसं मात्र पुढच्या सहा महिन्यांत भरली जायची असतात. वॉरंटी बिलाच्या किंवा माल निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, खोकं उघडल्यापासून नाही. चार महिने कपाटात राहिलेल्या मशीनची चार महिन्यांची वॉरंटी गेली. मध्यवर्ती निधीतून दर तिमाहीला खरेदी केली आणि एकूण संख्येच्या ३-५ टक्के राखीव साठा ठेवला, तर नवीन माणसाला पहिल्याच दिवशी मशीन मिळतं आणि पुरवठादार विंडोज ऑटोपायलटची (मशीन पहिल्यांदा सुरू होताच संस्थेची सेटिंग आपोआप लावणाऱ्या सोयीची) नोंदणी कारखान्यातून निघतानाच करून देतो. किरकोळ खरेदीत ती नोंदणी राहून जाते आणि प्रत्येक मशीन हाताने नोंदवावं लागतं.

जादा मशीन परत येत नाहीत हा मुद्दा खरा आहे. त्याला आकारणीची गरज नाही. जुनं जमा केल्याशिवाय नवीन द्यायचं नाही, एवढा नियम पुरतो. निधी मंजूर पदांच्या संख्येवर काढा: पदं गुणिले वर्षाचा दर.

पाळी

पदांवर हिशोब लावला तर दोन्हीकडून चुकतो. तीन पाळ्यांत काम असेल तर तीन पदांना एक मशीन पुरतं. उलट कंत्राटी माणसं मंजूर पदांत मोजलीच जात नाहीत, त्यांना मशीन मात्र लागतं. कंत्राट मंजूर करतानाच त्यात मशीनचे महिने धरलेले नसतील, तर माणूस हजर आणि लॅपटॉप नाही, किंवा राखीव साठा कंत्राटी माणसांत संपतो. मोजणी मशीनचीच हवी.

सगळं भाड्याने घ्या असं कुणी म्हणायच्या आत: भाड्यात यादी आणखी काटेकोर लागते. मुदत संपल्यावर मशीन वेळेत परत गेली नाहीत तर अनेक करार महिन्या-महिन्याने आपोआप वाढतात, आणि हरवलेला चार्जर किंवा तडकलेली काच यांचं वेगळं बिल येतं.

रेंडर

एक पैलू राहिला आहे: बाहेरच्या निधीतून चालणारे प्रकल्प. निधी देणाऱ्याने उपकरणासाठी दिलेली रक्कम मध्यवर्ती निधीत मिसळता येत नाही, आणि प्रकल्प संपल्यानंतरची मासिक आकारणी त्यातून भरता येत नाही. तिथे एकरकमी खरेदी हाच मार्ग. प्रकल्प २ वर्षांचा, मशीनचं आयुष्य ४. पुढची २ वर्षं ते कुणाचं?

मागणीपत्र

खरेदी आयटीमार्फत, बिल प्रकल्पाच्या खात्यावर. प्रकल्प संपल्यावर मशीन नेटवर्कवर राहणार असेल तर त्या दिवसापासून ते विभागाच्या बदलीच्या यादीत घ्यायचं. वॉरंटी मात्र सुरुवातीलाच ४ वर्षांची घ्यावी. नंतर वाढवायला गेलं तर महाग पडते, आणि वॉरंटी संपून गेली असेल तर कित्येकदा मिळतही नाही.

खतावणी

दोन वर्षांच्या प्रकल्पावर चार वर्षांच्या वॉरंटीचा खर्च टाकला तर निधी देणारा उरलेला अर्धा भाग नाकारू शकतो. प्रकल्पापुरती वॉरंटी प्रकल्पातून आणि पुढच्या २ वर्षांची विभागाच्या महसुली खर्चातून, अशा दोन वेगळ्या ओळी त्याच आदेशात लिहाव्यात. मालकी कुणाकडे राहणार हा रकाना मागणीपत्रातच हवा, आणि तो भरल्याशिवाय बजेट तपासणी होऊ नये.

जोडणी

त्याच रकान्याखाली आणखी एक जोडा. मालकी निधी देणाऱ्याकडे राहणार असेल तर मशीन परत करताना डिस्क कोण पुसणार आणि पुसल्याचा दाखला कुणाच्या सहीचा? एन्क्रिप्शनची (डिस्क कुलूपबंद ठेवण्याची) रिकव्हरी की आयटीकडे नसेल आणि वापरणारा माणूस निघून गेला असेल, तर आतली फाइल कुणालाच काढता येत नाही. म्हणून प्रकल्पाचं मशीनही पहिल्या दिवसापासून आयटीच्या व्यवस्थापनात हवं, पैसे कुणीही दिलेले असोत.