आजोळी सापडलेली किल्लीची पत्र्याची मोटार: ड्युको मारून घ्यावी का?

ठाणेकर७८

नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, चुकीच्या ठिकाणी धागा काढला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

चिपळूणचं आजोळचं घर पाडायला घेतलंय, म्हणून माळा रिकामा करत होतो तर जुन्या पितळी भांड्यांच्या गोणीत एक पत्र्याची मोटार सापडली. वीतभर असेल जेमतेम. बॉडी लाल, टप क्रीम कलरचा, खिडक्यांत ड्रायव्हर आणि मागे टोपीवाली बाई अशी चित्रं आहेत, आणि बुडाला बारीक अक्षरात 'मेड इन ऑक्युपाइड जपान' लिहिलंय. आजोबा मुंबईला गोदीत होते तेव्हा कधीतरी आणली असणार असं मामा म्हणतो, नक्की त्यालाही आठवत नाही.

अवस्था अशी की कडांना सगळीकडे गंज, टपावरचा रंग पोपडे धरून सुटतोय, पुढचा बंपर वाकलाय, मागचं एक चाक डगडगतं. किल्ली बाजूला फिक्स आहे, निघत नाही. फिरवली की आटे बसतात पण हात सोडला की गर्रकन उलटी फिरून होती तिथे. चाकं ढिम्म हलत नाहीत.

आमच्या इथला गॅरेजवाला म्हणतो सगळं घासून रेड ऑक्साइड मारतो, वर लाल ड्युको (गाड्यांना मारतात तो फवाऱ्याचा रंग), एकदम नवी दिसेल, दुपारभराचं काम. बायको म्हणते हात लावू नकोस, आहे तशी शोकेसमधे ठेव. आणि चिरंजीव ५ वर्षांचे, त्यांना ती आत्ताच्या आत्ता खेळायला हवीय. काय करू? फोटो खाली टाकलेत.

रंगारी_बुवा

फोटो दिसत नाहीयेत, आल्बम पब्लिक करा.

पण त्याआधी गॅरेजवाल्याला फोन करून थांबवा!! घासायचं तर अजिबात नाही. तुमच्या वर्णनावरून ही लिथोची मोटार वाटतेय, म्हणजे हिला रंग दिलेलाच नाहीये, हिच्यावर छपाई आहे. सपाट पत्र्यावर आधी लाल रंग, खिडक्या, माणसं, दाराच्या रेघा, नंबर प्लेट सगळं छापायचं, भट्टीत भाजून पक्कं करायचं आणि मग तो पत्रा साच्यात दाबून मोटारीचा आकार द्यायचा. एकदा घासलंत की ती टोपीवाली बाई गेली. ड्युको मारून लाल डबा मिळेल तुम्हाला, मोटार नाही मिळणार.

खात्री करायची तर भिंग घ्या (मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतं) आणि खिडकीतल्या चेहऱ्याजवळ बघा. बारीक ठिपके दिसले किंवा एक रंग दुसऱ्याच्या रेघेबाहेर केसभर सरकलेला दिसला तर छपाई. ब्रशचे फराटे आणि कडेला जाड थर दिसला तर हाताने दिलेला रंग. दोन्हीचे उपचार वेगळे.

आणि 'ऑक्युपाइड' लिहिलंय म्हणजे काळ ठरलाच की, १९४७ ते १९५२. जपानवर अमेरिकेचा ताबा होता तेव्हा निर्यातीच्या मालावर तसं लिहायला लागायचं.

मुक्काम_पोस्ट_कराड

मला एक कळत नाही, खेळणं म्हणजे खेळायलाच असतं ना? आजोबांनी काय शोकेससाठी आणली होती का? पोराला खेळू द्या, मस्त लाल रंग मारा, बंपर सरळ करा, झालं. उगाच जुन्या वस्तूंचं सोवळं करून ठेवलंय लोकांनी. तुम्हाला काय लिलावात विकायचीय का.

घड्याळवेडा

कराडकरांशी अर्धा सहमत, चालली पाहिजे हे शंभर टक्के. रंगाचं रंगारी बुवा बघतील, मी मशीनचं सांगतो.

किल्ली काय करते त्यावरून बिघाड बराचसा कळतो. किल्ली गरागरा फिरतेय आणि जोरच लागत नाही, तर स्प्रिंगचं आतलं टोक दांडीवरून सुटलंय किंवा तिथेच तुटलंय. जोर लागतोय, आटे धरून ठेवतेय पण चाकं हलत नाहीत, तर सत्तर वर्षांपूर्वीचं तेल वाळून डिंक झालंय. आणि तुमच्यासारखं, आटे बसतात पण सोडल्यावर किल्ली उलटी येते, म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे (ही चांगली बातमी), फक्त उलटं फिरणं अडवणारी जी छोटी पट्टी दात्यात अडकते ती झिजलीय, वाकलीय किंवा घाणीने चिकटून वर उचलली गेलीय. बऱ्याचदा नुसती साफ करून जराशी आत दाबली की काम होतं. चाकं ढिम्म आहेत त्याअर्थी वाळलेलं तेलही आहेच.

उघडायची असेल तर बुडाकडून बघा, बॉडीचे पत्र्याचे कान खाचेतून बाहेर काढून दुमडलेले असतील. खरा धोका तिथे आहे. तो पत्रा एकदा दुमडलेला आहे, तुम्ही सरळ करणार ही दुसरी वेळ, परत दुमडणार ही तिसरी, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो कान हमखास तुटतो. त्यामुळे पूर्ण ९० अंशात सरळ करत बसू नका, खाचेतून निसटेल इतपतच उचला, पकडीच्या तोंडाला कापड लावून, आणि एकेक कान थोडा थोडा असं फिरत फिरत. शक्य असेल तर बॉडी उघडूच नका. चाकांच्या फटीतून आणि खालच्या भोकातून ड्रॉपरने पांढरं पेट्रोल सोडायचं, हलवायचं, पालथी धरून काळं पाणी गळू द्यायचं, स्वच्छ गळेपर्यंत हेच करायचं. बाहेरच्या छपाईवर ओघळ जाऊ द्यायचा नाही. गॅलरीत करा, गॅस आणि उदबत्तीपासून लांब, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो. पूर्ण वाळल्यावर शिवणयंत्राचं तेल टाचणीच्या टोकाने फक्त दांड्यांच्या टोकांना, जिथे त्या प्लेटमधे फिरतात तिथे. दात्यांवर तेल नको, धूळ धरतं. ते निळ्या-पिवळ्या डब्यातलं फवाऱ्याचं डब्ल्यूडी-४० तर अजिबात मारू नका, फवारा सगळीकडे उडतो, छपाईच्या कडेखाली शिरतो आणि थोड्या दिवसांत उडून जाऊन मशीन परत कोरडंठाक.

आणि महत्त्वाचं, या स्वस्त खेळण्यांत स्प्रिंगला डबी नसते, दोन प्लेटच्या मधे उघडीच असते, एक टोक खांबाला अडकवलेलं. प्लेट उघडल्या तर ती सुटते आणि बोटं कापते. तिथपर्यंत जायची वेळ आली तर आधी तांब्याची तार गुंडाळून बांधा, चष्मा लावा, नाहीतर सरळ जुन्या घड्याळजीकडे न्या.

ठाणेकर७८

बापरे, एवढे डिटेल प्रतिसाद! आल्बम पब्लिक केलाय. भिंगातून बघितलं, बॉडीवर ठिपके आहेत, म्हणजे छपाईच. पण टपावर ठिपके नाहीत, तिथे ब्रशचे फराटे आहेत आणि पोपडा जिथे उडालाय तिथे खाली निळं काहीतरी दिसतंय!! मामाला विचारलं तर हसायला लागला, म्हणे दारं-खिडक्यांचा रंग उरला होता तो लहानपणी फासला असेल.

अजून एक गंमत, बॅटरी मारून बुडाच्या भोकातून आत बघितलं तर टपाच्या आतल्या बाजूला हिरवी-सोनेरी छपाई आहे, उलटी इंग्रजी अक्षरं. हे काय आहे?

न्यूरेंबर्गचा_पाहुणा

ठाणेकर, ते आत दिसतंय तो खाण्याच्या डब्याचा पत्रा! लढाईनंतर जपानमधे पत्राच मिळत नव्हता, तेव्हा अमेरिकन सैनिकांनी टाकलेले रिकामे डबे गोळा करून, उलटे करून खेळणी केली त्यांनी. १९४५ संपता संपता क्योतोत एक छोटी जीप विकायला आली होती ती अशीच टाकाऊ डब्यांची, चावीचं मशीन परवडेना म्हणून रबरबँडवर चालणारी. त्यामुळे आतली बाजू घासू नका, रंगवू नका, तिला तेलाचा हलका हात सोडून काहीही करू नका. माझ्या मते तुमच्या मोटारीतला सगळ्यात भारी भाग तोच आहे.

मी कामानिमित्त जर्मनीत न्यूरेंबर्गला असतो, हे म्हणजे खेळण्यांचंच गाव, १९५० पासून दरवर्षी खेळण्यांची जत्रा भरते इथे. रविवारच्या जुन्या बाजारात लोक काय बघून नाकं मुरडतात ते सांगतो. गंज चालतो, पोचा चालतो, चाक नसलं तरी चालतं. परत रंगवलेली लिथो म्हटली की हातात पण घेत नाहीत. मात्र सगळ्याच खेळण्यांना हा नियम नाही हां. इथलीच शुको कंपनी (१९१२ सालची), त्यांची ती एक्झामिको म्हणून बीएमडब्ल्यू ३२८ च्या रूपाची मोटार होती, किल्लीची, चार गिअर आणि क्लचसकट, तिच्यावर छपाई नव्हती, एकाच रंगाचा फवारा होता. अशी पार उघडी पडली असेल तर लोक परत रंगवतात आणि विकताना तसं सांगतात. बिडाची खेळणी पण तशीच. रंगवावं की नाही हा प्रश्न वयाचा नाहीये, मूळचा रंग परत तसाच देता येतो का एवढाच आहे.

रंगारी_बुवा

फोटो बघितले. अहो टपाखाली निळे-पांढरे पट्टे आहेत, क्रीम नव्हताच तो! मामांना साष्टांग दंडवत.

आता क्रमाने सांगतो, घाई करू नका. वरचा ऑइल पेंट काढायला पेंट रिमूव्हर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको, ते वरचा आणि खालचा दोन्ही रंग सारख्याच आवडीने खातात. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, खालची छपाई भट्टीत भाजलेली आहे, वरचा रंग नुसता वाळलेला. दोघांची पकड वेगळी. शिवणयंत्राचं तेल पोपड्याच्या कडेला लावून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी बांबूच्या काडीला तिरकं टोक करून कडेखाली सरकवत उचला. लोखंडी काही नको, ब्लेड तर नाहीच. जिथे सुटत नाही तिथे सोडून द्या, परत तेल, परत उद्या. नखाएवढा भाग एका बैठकीत निघाला तरी खूप झालं. आधी मागच्या कोपऱ्यात करून बघा, तिथे खालचं पण निघायला लागलं तर मामांचा क्रीम टप हाच इतिहास समजून थांबा.

गंज: कडांना येणारच, कारण पत्रा कापला की कडेला कल्हई नसते, उघडं लोखंड असतं, त्यात कोकणची हवा. कापसाच्या काडीला तेल लावून भुगा टिपून घ्या. लिंबू, व्हिनेगर, चिंच यातलं काही नको, गंजाबरोबर छपाई पण जाते. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड पण नको. शेवटी घासणारे कण नसलेलं साधं कार्नोबा वॅक्स (मेण), अगदी पातळ, मऊ बनियनच्या कापडाने.

आता रंग. उडालेले ठिपके भरायचेच असतील, आणि डोळ्याला खुपतात हे मान्य, तर वॅक्सच्या थरावर भरायचे, पत्र्यावर थेट नाही. मॉडेलवाल्यांचा ॲक्रिलिक रंग, शून्य नंबरचा ब्रश, फक्त उघड्या पत्र्यावर, शेजारच्या छपाईवर एक केसही चढू द्यायचा नाही. वॅक्सवर रंग धरायला कुरकुर करतो, दोन-तीन पातळ हात लागतात, पण पुढे कोणाला नको झाला तर ओल्या कापसाने निघतो, तेच हवंय आपल्याला. नवा लाल डबीतून काढून तसाच लावला तर कुंकवासारखा उठून दिसेल, कारण जुन्यावरचं वार्निश पिवळं पडलंय. त्यात गेरूच्या छटेचा ब्राऊन आणि चिमूटभर ऑकर (मातकट पिवळा) घाला, आणि रंग जुळवायचा तो सकाळी खिडकीत, ट्यूबलाइटखाली जुळवलेला उन्हात वेगळाच निघतो.

बंपर तेवढा सरळ करू नका. फार तर लाकडी पट्टीवर ठेवून बोटाने दाबून जेवढा येईल तेवढा. वाकलेल्या जागी छपाईला तडा असतोच, सरळ करताना तिथलाच रंग टिकलीसारखा उडतो.

आईपण_आणि_बरंच_काही

सगळे गंज आणि रंग बोलताय, ५ वर्षांचं मूल आहे हे कोणीच कसं बोललं नाही? त्या काळच्या रंगात शिसं असायचं, खेळण्यांच्या, भिंतींच्या, सगळ्याच. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे मामांनी फासलेला दारांचा रंग पण त्यातलाच धरा. कोरडं घासणं तर मुळीच नको, ती धूळच पोटात जाते. पोपडे काढताना खाली वर्तमानपत्र, हातात ग्लोव्हज, मुलगा शाळेत असताना करा, कचरा गुंडाळून टाका, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा आणि कामाचं फडकं स्वयंपाकघरात आणू नका. कडा पण बघा ना किती धारदार आहेत. मुलाला दुसरी मोटार आणून द्या, ही तुम्ही चालवून दाखवा.

मुक्काम_पोस्ट_कराड

शिशाचं माहीत नव्हतं, मग रंगवायचं आणि पोराला द्यायचं दोन्ही मागे घेतो. सोवळ्याचं मत मात्र कायम आहे.

घड्याळवेडा

ठाणेकर, काल रात्री साफ करतो म्हणाला होतात विपुमधे (माझ्या विचारपुशीत), काय झालं?

ठाणेकर७८

पांढरं पेट्रोल सोडून सोडून चहासारखं पाणी निघालं, मग हळूहळू स्वच्छ. ती अडकवणारी पट्टी चिकटलेलीच होती, काडीने दाबली आणि खट् करून बसली. आता आटे धरतेय! जमिनीवर सोडली की कर्रर आवाज करत जाते पण डावीकडे गोल गोल, डगडगणाऱ्या चाकामुळे असेल. दांडीवर चाक सैल झालंय. मुलाने कॉटखाली घुसून बघितली, मी हात लावू दिला नाही, त्यावरून रडारड झाली ती वेगळी.

टपाचा एक कोपरा सुटलाय, निळा पट्टा अगदी कोरा आहे खाली. गॅरेजवाल्याला 'नको' म्हणून सांगितलं, तो म्हणाला मर्जी तुमची.

चाकासाठी काय करू, फेव्हिक्विक चालेल का?

घड्याळवेडा

फेव्हिक्विक नको!! ते दांडीवरून ओघळून प्लेटमधे गेलं की मशीन कायमचं बसलं. चाक काढा, दांडीच्या टोकाला रेशमी धाग्याचा एक वेढा द्या, त्यावर चाक दाबून बसवा, घट्ट बसतं आणि पुढे काढताही येतं. आणि दुसरं चाक सरळ आहे का ते पण बघा, गोल फिरायला दोन्ही कारणीभूत असतात.