मदत हवी आहे: नादारीचा (म्हणजे दिवाळखोरीचा) अर्ज करायचाय, घरखर्चाचा खरा आकडा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात दोन लेथवर जॉबवर्क करत होतो. एका पार्टीचं बिल अडकलं. बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून पतसंस्थेकडून घेतले, पतसंस्थेसाठी क्रेडिट कार्ड घासलं, आणि असं करत 19 लाखांवर गेलो. शेड सोडलं, लेथ विकले. आता गोकुळ शिरगावात सीएनसी मशीनवर नोकरीला आहे, हातात 28,000 येतात. हप्तेच 31,000 चे आहेत.

वकिलांनी घरखर्च लिहून आणायला सांगितलाय. रात्री वही घेऊन बसलो. भाडं 6,000, किराणा 5,000, म्हशीचं दूध दीड लिटर म्हणजे 3,150, भाजी 2,000, पेट्रोल 2,000, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या 1,500, लाईट 1,100, गॅस 900, मोबाईल 800. बेरीज 22,450. पण हप्ते थांबवून तीन महिने झाले, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. बायको म्हणते वही खोटी आहे. दूध एक लिटरच लिहू का? कोर्टात उधळ्या दिसायला नको. आणि भिशीचे 2,000 खर्चात धरायचे का?

प्रतिसाद १
वहिनी बरोबर बोलतायत. तुम्ही फक्त दर महिन्याला येणारे खर्च लिहिलेत. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करता ना? मिरची, खोबरं, मसाला, डंकाची मजुरी, ते कुठाय? जूनची शाळेची फी? गाडीचा विमा? पै-पाहुण्यांचे आहेर? वर्षाचं सगळं एकत्र करून बाराने भागा. आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, आठवणीवर जाऊ नका. कपिलतीर्थ मंडईत रोखीत घेतलेली भाजी त्यात दिसणार नाही, ती पंधरा दिवस रोज लिहा.

दूध कमी लिहू नका. आकडा खाली दाखवलात की उरलेले पैसे देणेकऱ्यांना देता येतात असाच अर्थ निघतो.

प्रतिसाद २
मी वकील नाही. आमच्या चुलत्यांचा हुपरीत चांदीचा धंदा बसला तेव्हा मी कागद घेऊन हिंडलोय, तेवढ्यावर सांगतो.

2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तुमच्या-माझ्यासारख्याला इथं अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्यात कर्ज 500 रुपयांचं झालं की अर्जाची एक अट पुरी होते, त्या काळचा आकडा तसाच राहिलाय! काम जिल्हा न्यायालयाकडे, म्हणजे कसबा बावड्याला.

कर्जाचे हप्ते घरखर्चात धरू नका, ते देणेकऱ्यांच्या यादीत जातात. भिशीचं असं: उचल आधीच घेतली असेल तर राहिलेले हप्ते हे देणं. घेतली नसेल तर भरलेली रक्कम तुमचं येणं, ती मालमत्तेत दाखवावी लागते. लपवलं की अडकलात.

आता पगाराचं. हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) होऊन पगारावर जप्ती आली तर पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावता येत नाहीत (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 60). 28,000 वर तुमच्याकडे 19,000 राहतात, 9,000 जातात. तुमचा खर्च खरा किती हे म्हणूनच महत्त्वाचं.

आणखी एक, हे नीट वाचा. मेव्हण्याचे हातउसने असतील तर आत्ता गुपचूप फेडू नका. अर्जाआधी तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप दिलं तर ते रद्द ठरू शकतं. गाडी बायकोच्या नावावर करणं तर त्याहून वाईट, मागच्या दोन वर्षांतलं बक्षीसपत्रही उकरून काढतात. चुलत्यांनी नेमकं हेच केलं होतं. पुढचं सांगत नाही.

मूळ लेखक
दोघांचेही आभार. मेव्हण्याला पुढच्या आठवड्यात 40,000 देणारच होतो, थांबवलं.

वर्षाचे खर्च काढले: शाळा 24,000, सणाचे कपडे 10,000, आहेर 7,600, चटणी 6,000, आईच्या तपासण्या 4,000, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग 2,400. एकूण 54,000, म्हणजे महिन्याला 4,500. खर्च 26,950 वर गेला. जप्ती आली तर 7,950 कमी पडणार. भिशीची उचल मार्चमध्येच घेतलीय, ती देण्यात टाकतो.

बायकोला पिको-फॉलचे महिन्याला तीन-साडेतीन हजार मिळतात. ते माझ्या उत्पन्नात लिहायचे का?

प्रतिसाद २
तुमच्या उत्पन्नात नाही, ती कमाई त्यांची. पण त्यातून घरात जे येतं ते वेगळ्या ओळीत खरं लिहा. कमीजास्त होत असेल तर सहा महिन्यांची सरासरी धरा.

मूळ लेखक
लिहिलं. वही बायकोला दाखवली, तर म्हणाली अधिक मासाचं जावयाचं वाण राहिलं. ते बाराने भागायचं की तेहतीसने?