लॅपटॉप मध्येच निळा पडदा दाखवतो, मग 'नो बूटेबल डिव्हाइस'. फॉरमॅट मारू का?

कीबोर्डकर:
जुना लॅपटॉप आहे. १६ जीबी रॅम (८+८), ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवणारी वेगवान चिपची डिस्क), विंडोज ११. चालता चालता अचानक माउस हलतो पण काहीच उघडत नाही, मिनिटभरात निळा पडदा. कधी 'क्रिटिकल प्रोसेस डाइड', कधी 'कर्नल डेटा इनपेज एरर'. त्या पडद्यावरची टक्केवारी शून्यावरच अडकते. रीस्टार्ट झाला की काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. पॉवर बटण दाबून धरून बंद केला आणि पुन्हा चालू केला की मुकाट्याने सुरू होतो. दुकानदार म्हणतो विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारू. बॅकअप अर्धवट आहे. काय करू?

खटपट्या:
फॉरमॅट अजिबात नको. बूट फाइली बिघडल्या असत्या तर बंद-चालू करूनही काही फरक पडला नसता. तुमची एसएसडी चालता चालता गायब होतेय. रीस्टार्टमध्ये तिची वीज सहसा तुटत नाही, म्हणून अडकलेला कंट्रोलर (एसएसडी चालवणारी चिप) अडकलेलाच राहतो आणि बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) ती एसएसडी दिसत नाही. बटणाने पूर्ण बंद केलं की वीज तुटते, कंट्रोलर नव्याने उठतो.

सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये 'मिनीडंप' हा फोल्डर उघडून बघा, क्रॅशच्या नोंदी (डंप) तिथे पडतात. इतक्या वेळा निळा पडदा येऊनही तो रिकामा असेल तर संशय पक्का. डंप लिहायचा डिस्कवर, आणि डिस्कच जागेवर नाही. शून्य टक्क्यांवर अडकण्याचं कारणही तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल, त्याच्या नादी लागू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. ती वाचून लोक उगाच ॲडॉप्टर बदलत बसतात.

सोल्डरताई:
सगळ्यात आधी डेटा. सुरू होईल तेव्हा महत्त्वाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, छोट्या छोट्या तुकड्यांत. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) 'आर' लावून चालवू नका. ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकते.

बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधली सिक्युअर बूट किंवा स्टोरेज मोड ही सेटिंग बदलली की विंडोज तीच मागतं, आणि ती नसेल तर डेटा कुलूपबंद. स्टोरेज मोड तर बदलूच नका, नाहीतर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' हे नवं दुखणं मागे लागेल.

कीबोर्डकर:
बॅकअप झाला. मिनीडंप खरंच रिकामा आहे. पण क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) 'गुड ८९%' दाखवतं, मीडिया एरर ०. मग एसएसडी निर्दोष ना?

खटपट्या:
नाही. ८९% म्हणजे फ्लॅशच्या लेखनक्षमतेचा ११% भाग वापरून झाला, बस. कंट्रोलर अडकतो की नाही हे त्या आकड्यात येत नाही. तिथलाच 'अनसेफ शटडाउन्स'चा (नीट न झालेल्या बंदचा) आकडा लिहून ठेवा. प्रत्येक क्रॅशनंतर बटणाने बंद केल्यावर तो वाढत असेल तर गोष्ट जुळते.

आता एसएसडी की स्लॉट, हे ठरवायचं. बॅटरीची पिन काढा, एसएसडीचा स्क्रू सोडवून ती बाहेर घ्या, सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकल्यावर तिरकी पूर्ण आत सरकवून स्क्रू घट्ट करा. मग पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करा. वीज वाचवायला एसएसडीशी असलेली लिंक झोपते आणि काही एसएसडी त्यातून नीट जाग्या होत नाहीत. मशीन नुसतं पडून असतानाच क्रॅश होत असेल तर हे आधी करा. एसएसडीचं नवं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम) असेल तर तेही टाका, बॅकअप आहेच.

तरीही गायब झाली तर ती काढून एनव्हीएमई चालणाऱ्या यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकावर ५०-१०० जीबी कॉपी करून बघा. तिथेही मध्येच सुटली तर एसएसडी गेली. तिथे तासन्‌तास टिकली तर स्लॉट किंवा मदरबोर्डकडे बोट.

सोल्डरताई:
एसएसडी बाहेर असतानाच लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कशिवाय चालणाऱ्या) लॅपटॉप काही तास चालवून घ्या. तसाही कोसळला तर एसएसडीचा संबंध नाही. मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) च्या चारही फेऱ्या होऊ द्या, १६ जीबीला रात्रभर धरून चाला. एक जरी एरर आली तरी नापास. मग एकेक रॅम लावून पुन्हा, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट ते कळेल.

एसएसडी घ्यायची वेळ आलीच तर जुनीची लांबी बघा, बहुधा २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) असेल, पण काही पातळ लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० च बसते. एम.२ साटा हा एसएसडीचा दुसरा प्रकार, ती एनव्हीएमईसारखीच दिसते, पण फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये ती चालणार नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, वेग तेवढा कमी. आणि जुनी वॉरंटीत आहे का ते तिच्या लेबलावरच्या सीरियल नंबरवरून आधी तपासा.