आप्रवासी, स्थलांतरित की 'कायम झालेले'?

प्रश्न: कॅनडाच्या इमिग्रेशन धोरणावर लेख लिहितेय. 'स्थलांतर' लिहू की 'आप्रवासन'? आणि सरकार दर वर्षी संसदेत किती लोक घेणार ते मांडतं, त्या 'लेव्हल्स प्लॅन'ला 'कोटा' म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद: 'स्थलांतर'ला दिशा नाही. बीडचे ऊसतोड कामगार कोल्हापूरला जातात तेही स्थलांतर आणि पुण्याहून टोरांटोला जाणंही. देशात येणं ते आप्रवासन, देशाबाहेर जाणं ते उत्प्रवासन. अडचण आहे ती 'प्रवास'ची. संस्कृतात 'वस्' म्हणजे राहणं आणि 'प्रवास' म्हणजे घरापासून लांब राहणं. हिंदीतल्या 'प्रवासी भारतीय'मध्ये तो अर्थ टिकलाय, पण मराठीत प्रवासी म्हणजे एसटीत बसलेला माणूस. 'कॅनडा आप्रवासी कमी करणार' हा मथळा वाचून आईनं मला विचारलं होतं, "म्हणजे विमानं कमी करणार का रे?" चूक तिची नव्हती.

'कोटा' मात्र नको. अमेरिकेत नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा आहे, तिथे तो शब्द बसतो. कॅनडाचा आकडा हे उद्दिष्ट असतं, त्याला खालची-वरची मर्यादा असते आणि देशवार वाटणी नसते. 1967 पासून तिथे शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन निवड होते. मी 'वार्षिक आराखडा' लिहीन.

प्रतिसाद: आकडा नेमका कशाचा, हेही लिहा. 2025 साठी आधी 5 लाख ठरले होते, ऑक्टोबर 2024 मध्ये ते 3 लाख 95 हजारांवर आणले. पण ही 'येणाऱ्यांची' संख्या नाही. त्यातले 40 टक्क्यांहून जास्त लोक आधीपासून तिथेच शिकणारे किंवा काम करणारे असतील, असा सरकारचाच अंदाज होता. तिथली आपली मुलं फोनवर "पीआर झाली" (पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी, तिथे कायम राहण्याची परवानगी) म्हणतात, अगदी आपल्याकडे नोकरीत "कायम झाला" म्हणतात तसं. तो आकडा कायम होणाऱ्यांचा आहे. तात्पुरत्या रहिवाशांचं उद्दिष्ट त्याच आराखड्यात पहिल्यांदा आलं: 2026 अखेर लोकसंख्येच्या 5 टक्के. घरं आणि दवाखान्यांवरचा ताण मोजायचा तर हे लोक धरावेच लागतात.

प्रश्नकर्ती: मग पीआरला 'अधिवास' लिहू?

प्रतिसाद: नको. आपल्याकडे अधिवास म्हटलं की तहसीलचा दाखला डोळ्यांपुढे येतो. 'कायम रहिवास' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'पीआर' द्या.