मदत हवी आहे : गोल्फ क्लबचं (खेळायच्या काठीचं) फिटिंग, म्हणजे ती आपल्या मापाने बसवून घेणं, करून घ्यावं का? कुठे, कसं, काय विचारावं? (मुक्काम देवगड)

कातळकर

नमस्कार मंडळी,

बत्तीस वर्षं बोटीवर इंजिन रूममध्ये काढली, आता दोन वर्षं झाली घरी आहे. गोल्फची खोड बोटीवर असतानाच लागली. बंदरात मुक्काम लांबला की सेकंड ऑफिसर ओढून न्यायचा. २००४ साली डर्बनला बंदराजवळच्या दुकानात एक सेकंडहँड सेट घेतला. तोच अजून वापरतो आहे.

आमच्याकडे कोर्स नाही हे सांगायला नको. वर्षातून चार-पाच वेळा खारघरला किंवा पुण्यात येरवड्याला मित्रांबरोबर खेळणं होतं. एरवी घरामागे भात कापून झाला की रिकाम्या मळ्यात चार बांबूंवर जाळं बांधून मारत बसतो. जाळं मासेमारीचंच, जुनं, बंदरावरून आणलेलं. पहिल्याची आस (जाळ्याचं भोक) मोठी निघाली, चेंडू सरळ पार होऊन शेजाऱ्याच्या हापूसच्या बागेत. चेंडू ४२.६७ मिमीचा असतो हे त्या दिवशी पाठ झालं. आता बारीक आसाचं दुहेरी लावलंय.

आता मुद्द्याचं. आयर्न (धातूच्या पातळ पात्याचा क्लब, नंबर वाढेल तसा चेंडू उंच आणि जवळ) मारला की चेंडू डावीकडे जातो. हुक नव्हे, वळत नाही, निघतोच डावीकडे. सात नंबरपासून खाली, वेजपर्यंत (जवळच्या फटक्यांचे, सगळ्यात तिरक्या तोंडाचे क्लब), वाढतच जातं. जाळ्याचा डावा बांबू दर आठवड्याला ठोकून बसवावा लागतो. कोर्सवर मी आता सरळ उजवीकडे तोंड करून उभा राहतो आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर) येतो. ड्रायव्हर (लांब मारायचा सगळ्यात मोठा क्लब) मात्र उलट, उजवीकडे. म्हणजे एकाच माणसात दोन माणसं.

मागच्या महिन्यात मुंबईत एका दुकानात 'फिटिंग' करून घेतलं. वीस मिनिटांत आटोपलं. माझा सात नंबर १२० यार्ड जायचा, त्यांच्या नव्या सेटचा १४० गेला. दुकानातला मुलगा म्हणाला, "बघा सर, वीस यार्ड!" आकडा सव्वा लाखाच्या वरचा. मी कार्ड घेऊन परत आलो. उंची किती, हात किती लांब, चेंडू कुठे जातो, एकही प्रश्न त्याने विचारला नाही.

वय ५८, उंची पाच फूट पाच, उजव्या हाताचा, हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) २२. डाव्या कोपराला पूर्वी दुखणं होतं, पावसाळ्यात जाणवतं. बजेट सव्वा लाखापर्यंत, तेही बायकोला एक लाख सांगून.

प्रश्न असे की माझ्यासारख्याने फिटिंगच्या फंदात पडावं का? शाफ्ट (क्लबचा दांडा) स्टीलचा की ग्रॅफाइटचा? आणि इथल्या खाऱ्या हवेत नवीन सेट टिकेल कसा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भरतीओहोटी

काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २२ हँडिकॅपला सव्वा लाखाचा सेट म्हणजे होडीला विमानाचं इंजिन. आधी एखाद्या कोचकडे दहा धडे घ्या. स्विंग (क्लब फिरवण्याची पद्धत) सुधारला की चेंडू आपोआप सरळ जाईल. स्विंग बदलल्यावर फिटिंगचे आकडेही बदलतात, मग पैसे पाण्यात.

वेजवाली

भरतीओहोटी, अर्धं पटलं, अर्धं नाही.

माझी उंची पाच फूट एक. सात वर्षं नवऱ्याचा जुना सेट वापरला आणि सात वर्षं कोच मला "कंबरेतून वाका, आणखी वाका" म्हणत राहिला. शाफ्ट लांब असल्याने मी ताठ उभी राहायचे, ताठ उभं राहिलं की हात वर, हात वर की सगळंच वर. क्लब छोटे करून घेतल्यावर न सांगता वाकायला लागले. चुकीच्या क्लबने शिकलं तर शरीर त्या क्लबशी जुळवून घ्यायला शिकतं, आणि तेच नंतर मोडावं लागतं.

बायकांनी 'लेडीज सेट' डोळे झाकून घेऊ नये हेही जाता जाता. तो छोटा असतो तसाच शाफ्ट फार लवचीक आणि हलका असतो. बऱ्यापैकी जोरात मारणाऱ्या बाईच्या हातात तो वेताच्या छडीसारखा मागे राहतो.

काका, तुमच्या सात नंबरची लांबी मोजून सांगाल का? ग्रिपच्या (मुठीच्या) टोकापासून क्लबच्या टाचेपर्यंत, म्हणजे हेडच्या (चेंडूला लागणाऱ्या भागाच्या) दांड्याकडच्या टोकापर्यंत.

शाफ्टसुतार

मी पुण्याकडे क्लब दुरुस्तीचं काम करतो. शाफ्ट बदलणं, ग्रिप, लाय वाकवणं वगैरे. फिटिंगही करतो, पण इथे जाहिरात करणार नाही.

कातळकर, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे 'वळत नाही, निघतोच डावीकडे, आणि वेजपर्यंत वाढत जातं'. हे ऐकून माझा पहिला संशय लायवर जातो. लाय म्हणजे क्लबचा तळ जमिनीवर सपाट टेकला की शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो तो. क्लब तुमच्यासाठी जास्त उभा असेल तर चेंडूला लागताना त्याचं पुढचं टोक, म्हणजे टो, हवेत राहतं. टो वर गेलं की क्लबचं तोंड डावीकडे बघतं. आणि लॉफ्ट (तोंडाचा मागे कललेला कोन) जितका जास्त तितकं ते जास्त डावीकडे बघतं, म्हणून वेजला त्रास अधिक. तुम्ही सरळ मारताय, क्लब डावीकडे पाठवतोय. अर्थात स्विंगचाही वाटा असू शकतो, म्हणून आधी तपासा.

घरबसल्या करा. चेंडूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने एक जाड सरळ रेघ ओढा. रेघ उभी, क्लबच्या तोंडाकडे, असा चेंडू ठेवा आणि सात नंबरने मारा. रेघ तोंडावर उमटते. उभी उमटली तर लाय बरोबर. वरचं टोक टो कडे झुकलं तर क्लब जास्त उभा, टाचेकडे झुकलं तर जास्त आडवा. पाच-सहा चेंडू मारा, एकावर जाऊ नका.

त्या वीस यार्डांचंही सांगतो. तुमच्या २००४ च्या सात नंबरचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असेल. हल्लीच्या लांब मारणाऱ्या सेटमध्ये सात नंबर २८-२९ अंशांचा येतो. एका नंबरचं अंतर साधारण चार अंश. म्हणजे त्या मुलाने तुमच्या हातात जुन्या हिशेबाने सहाच्याही पुढचा क्लब दिला आणि त्यावर सात लिहिलेलं होतं. नवीन हेड वाईट असतात असं नाही, चेंडू वर उचलायला ती खरंच मदत करतात. पण लांबी बघून सेट घेऊ नका. चेंडू किती उंच जातो आणि ग्रीनवर किती उभा उतरतो ते बघा. चपटा उतरला तर उन्हाळ्यातल्या कडक ग्रीनवर थांबत नाही, मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो. शिवाय त्या सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांचा असतो आणि तुमच्या बॅगेत पुढचा सँड वेज ५६ चा. मधल्या १३ अंशांत काय मारणार?

लांबीबद्दल कुणी "शाफ्ट कापून टाका" म्हणालं तर लगेच हॅकसॉ घेऊन बसू नका (इंजिन रूमवाल्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं). एक इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हातात जाणवणारं हेडचं वजन) सुमारे सहा पॉइंटने उतरतं, डी २ चा क्लब सी ६ वर येतो (सी ९ च्या वरचा पॉइंट डी ०). हेड हातात जाणवेनासं होतं. मग हेडला बारा ग्रॅमच्या आसपास शिशाची पट्टी लावून भरून काढावं लागतं.

कातळकर

बायको म्हणते, पूर्वी बोट यायची वाट बघायचास, आता प्रतिसादांची बघतोस.

वेजवाली, सुताराच्या टेपने मोजला. ३८ इंच.

शाफ्टसुतार, रेघ मारून पाहिली. सहापैकी पाचात वरचं टोक टो कडे झुकलेलं, सहावा चेंडू मी बघायचाच विसरलो. मग क्लब उलटे करून तळ पाहिले. आमची माती लाल, जांभ्याची. प्रत्येक आयर्नच्या तळावर ओरखडे आणि त्यात बसलेला लाल रंग फक्त टाचेकडच्या अर्ध्या भागात. टो कडची बाजू वीस वर्षांनीही आरशासारखी. इतकी वर्षं रोज रात्री पुसत होतो आणि दिसलं नाही.

शाफ्टसुतार

३८ म्हणजे नेहमीच्या सात नंबरपेक्षा एक इंच जास्त. अर्धा इंच लांबीमागे लायवर साधारण एक अंशाचा परिणाम होतो, त्यात मूळ मालकाने क्लब उभे वाकवून घेतले असतील तर तेही. तो सेट सहा फुटांच्या माणसाला बसवलेला दिसतो. फिटिंग झालेलंच आहे, फक्त तुमचं नाही.

आता स्टील-ग्रॅफाइट. कोपर दुखतो म्हणता, तर ग्रॅफाइट आवर्जून मारून बघा. तुमचे स्टील शाफ्ट १२० ग्रॅमच्या घरातले असतील, आयर्नसाठी चांगले ग्रॅफाइट ६५-८० ग्रॅममध्ये मिळतात आणि धक्काही कमी पोचवतात. शाफ्टवर 'रेग्युलर', 'सीनियर' जे छापलेलं असतं त्याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या सीनियरइतका मऊ निघतो. छापील अक्षरावर वाद घालू नका, मारून बघा.

फिटरकडे जाताना स्वतःचे क्लब, रोजचे बूट आणि तुम्ही वापरता तोच चेंडू न्या. आधी तुमच्या जुन्या क्लबने मारून घेतो का ते बघा. घेत नसेल तर नव्या आकड्यांची तुलना तो कशाशी करणार? आणि दमल्यावर मारू नका. घाटातून सहा तास गाडी हाकून थेट जाल तर फिटिंग दमलेल्या माणसाचं होईल.

भरतीओहोटी

शब्द मागे घेतो. धडे घ्याच, पण दुसऱ्याच्या चपला काढून.

खाऱ्या हवेबद्दल मी बोलू शकतो, मालवणात राहतो. स्टील शाफ्ट बाहेरून चकचकीत असतो आणि आतून गंजतो. ग्रिप काढली की तांबडी भुकटी पडते. ग्रॅफाइटला ती भीती नाही. क्रोम न चढवलेले 'रॉ' वेज दिसायला झकास, पण आपल्याकडे आषाढात आठ दिवसांत काळेतांबडे होतात. खेळाला फारसा फरक नाही, मनाला होतो. ओल्या हेडवर कव्हर घालून ठेवू नका आणि पावसाळ्यात बॅग पडवीत ठेवू नका, माळ्यावर चुलीच्या उबेला ठेवा. मात्र उन्हात गाडीच्या डिकीत दिवसभर कधीच नाही. हेड ज्या इपॉक्सीने चिकटवतात ती तापून सैल पडू शकते.

ग्रिप सुती दोरा विणलेली घ्या. घामाने हात सरकत नाही. हाताला जरा खरखरीत लागते, पण इंजिन रूमच्या हाताला काय!

कातळकर (तीन महिन्यांनी)

राहिलेली हकीकत लिहून टाकतो.

भुईबावडा घाट चढून कोल्हापूरमार्गे पुण्याला गेलो, रात्री मुक्काम केला, सकाळी दहाला फिटरकडे. पावणेदोन तास लागले. पहिली चाळीस मिनिटं माझ्याच क्लबने मारायला लावलं. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं आणि लगेच म्हणाला, "हा आकडा फक्त सुरुवात करायला, ठरवायचं मारल्यावर." मग क्लबच्या तळाला टेप लावून एका पाटीवरून मारायला लावलं. टेपवरचा ठसा टाचेकडे. मी म्हटलं, हे आमच्या मातीने फुकट दाखवलंय.

ड्रायव्हर फिरवण्याचा वेग ताशी ८४ मैल निघाला. स्विंग तिशीतल्या माणसाचा वाटतो असं मला बोटीवर कुणीतरी सांगितलं होतं, ते तिथेच सोडलं.

ठरलं ते असं. आयर्न नेहमीपेक्षा अर्धा इंच छोटे, म्हणजे सात नंबर साडेछत्तीस, लाय एक अंश आडवी, ग्रॅफाइट ७० ग्रॅम. सात नंबरचा लॉफ्ट ३१. लांबी १२६ यार्ड, फक्त सहा वाढले, पण दहातले सात चेंडू एका चटईवर मावतील असे पडले. पाच नंबर आयर्न काढून हायब्रिड (जाड हेडचा, मारायला सोपा क्लब) घेतला. पिचिंग वेज ४५ आणि पुढे ५० आणि ५५. ड्रायव्हरचं हेड जुनंच ठेवलं. तो टाचेवर लागत होता म्हणून उजवीकडे जात होता. शाफ्ट एक इंच कमी केला, हेडला वजन भरलं. ड्रायव्हर बदलायचा नाही हे त्याने स्वतः सांगितलं, तिथे माझा विश्वास बसला.

समुद्राच्या वाऱ्याचं मी विचारलं. बंद खोलीत वारा नसतो, म्हणून त्याने स्पिनचा आकडा दाखवला. उलटी फिरकी जास्त असली की समोरच्या वाऱ्यात चेंडू पतंगासारखा वर चढून जागेवर पडतो. दोन शाफ्टमध्ये लांबी सारखीच होती, त्यातला कमी फिरकीचा घेतला.

सेट सहा आठवड्यांनी आला. मशीनवर पुन्हा तपासून घेतला. आठ नंबरची लाय एक अंश चुकलेली निघाली, कारखान्यात एवढं इकडे-तिकडे चालतं म्हणे. समोरच वाकवून दिली. तुम्हीही सेट आल्यावर न तपासता घरी नेऊ नका.

येताना ट्रेनने आलो. कणकवलीला उतरलो तर ओळखीचा रिक्षावाला बॅगेकडे बघून म्हणाला, "दादानू, ही गरी खयच्या माशाक?"

वेजवाली

आणि बांबू?

कातळकर

तीन आठवडे डाव्या बांबूला हात लावलेला नाही. पण इतकी वर्षं उजवीकडे तोंड करून उभं राहायची सवय आहे, ती जात नाही. त्यामुळे आता चेंडू जातो सरळच, पण उजव्या बांबूवर. पुढच्या महिन्यात कोचकडे जातोय. भरतीओहोटी, तुमचे दहा धडे.

जुना डर्बनचा सेट द्यायचा आहे. तीन ते सँड वेज, स्टील, तळाला अर्ध्यावर लाल रंग. सहा फुटी कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे नकोत, येताना वापरलेले चेंडू आणा.