चरखा नंतर, आधी जाऊन बसा

स्वतःचा चरखा नसताना गिल्डमध्ये, म्हणजे हौशी सूत कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या मंडळात, कसं जायचं, असं विचारलंयत. अहो, उलट करा! इथे इंग्लंडात बऱ्याच गिल्ड पाहुण्यांना एखाद्या बैठकीला येऊ देतात आणि सभासदांना चरखे, छोटे माग भाड्यानेही देतात. (त्यांची शिखर संघटना १९५५ची आहे, म्हणजे मुरलेली मंडळी.) मी शाळेतल्या टकळीच्या जोरावर ऐटीत बसले होते. पण कापसाचे तंतू आखूड, त्यांना पीळ जास्त लागतो, लोकरीचे लांब. तिथल्या लोकरीला सवयीने इतका पीळ दिला की धाग्याची तार झाली! शेजारच्या आजींनी काही न बोलता माझा हात मागे ओढला, बस्स. न धुतलेल्या लोकरीने तळहात मात्र तुपकट, मऊ झाले. डबा घेऊन जा, चहा आमच्याकडे तरी मिळतो.